पासवर्ड बरोबर आहे, तरी विंडोज ॲडमिनला आत घेत नाही

ॲडमिन खात्याने लॉगिन होईना की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून बघतात, नाहीतर तो सरळ बदलून टाकतात. पहिल्या उपायाने खातं लॉक होतं आणि दुसऱ्याने जुन्या पासवर्डवर चालणाऱ्या चार गोष्टी बंद पडतात. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी राहतो, कारण चुकीचा पासवर्ड हे लॉगिन फसण्याचं अनेकांपैकी एक कारण आहे. खातं बंद असू शकतं, लॉक असू शकतं, संगणकाचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, सर्व्हर त्या संगणकालाच ओळखत नसेल, किंवा लॉगिन होत असेल पण ॲडमिनचे अधिकारच गेलेले असतील. यातलं नेमकं काय घडलंय ते विंडोज सांगत असतं, फक्त पडद्यावर अर्धवट आणि लॉगमध्ये पूर्ण. म्हणून पासवर्डला हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं काढायची: हे खातं तपासतो कोण, आणि नकार देताना त्याने कारण काय दिलं.

पुढचं सगळं विंडोज १०, विंडोज ११ आणि ऑफिसातला विंडोज सर्व्हर यांच्याबद्दल आहे. कमांड आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

पासवर्ड तपासतो कोण?

एकाच लॉगिन पडद्यावर चार वेगवेगळ्या प्रकारची खाती बसलेली असतात. लोकल खातं त्या संगणकापुरतंच असतं. त्याचा पासवर्ड त्याच डिस्कवर साठवलेला असतो आणि तिथेच तपासला जातो. मायक्रोसॉफ्ट खातं म्हणजे ईमेल पत्त्यावर चालणारं. त्याचा खरा पासवर्ड इंटरनेटवर असतो, संगणकात त्याची फक्त साठवलेली खूण असते. डोमेन म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळलेला ऑफिसच्या संगणकांचा गट; डोमेन खातं ऑफिसच्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर असतं. चौथं एंट्रा आयडीचं, म्हणजे पूर्वी ज्याला ॲझ्युर एडी म्हणायचे ते कंपनीचं क्लाउड खातं.

पिन ही यांच्यापेक्षा निराळीच गोष्ट आहे. पिन म्हणजे छोटा पासवर्ड नव्हे. तो त्या एकाच संगणकापुरता असतो आणि सहसा मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला तरी पिन बदलत नाही, आणि एका लॅपटॉपचा पिन दुसऱ्यावर चालत नाही. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे, आत जायला पिन टाकून बघणारे खूप असतात. तिथे पासवर्डच लागतो.

यातून एक नेहमीची भानगड होते. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला, पण संगणक तेव्हा इंटरनेटवर नव्हता. आता नवा पासवर्ड टाकला की संगणक नाही म्हणतो, कारण त्याच्याकडे जुन्याचीच खूण आहे. लॉगिन पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून वाय-फाय जोडा आणि नवा पासवर्ड टाका. जोडणं शक्यच नसेल तर जुना टाका.

डोमेनला जोडलेल्या संगणकावर घोळ वेगळा होतो. 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं खातं संगणकातही असतं आणि डोमेनमध्येही. दोन्हींचे पासवर्ड वेगळे. नुसतं नाव टाइप करून आपण कुणाचं दार वाजवतोय हे कळत नाही, म्हणून ते स्पष्ट लिहायचं. लोकल खात्यासाठी नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ: .\ॲडमिनिस्ट्रेटर. डोमेनसाठी डोमेनचं नाव, तीच उलटी रेघ, मग खातं. रेघ सरळ तिरकी पडली तर चालत नाही. पासवर्डच्या चौकटीखाली 'साइन इन टू' असं लिहून पुढे कुणाचं तरी नाव दिसतं. ते वाचायची सवय लावली की अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. खुद्द डोमेन कंट्रोलरवर मात्र नेहमीच्या अर्थाने लोकल खाती नसतातच, त्यामुळे तिथे टिंब-रेघ लावून काही मिळत नाही.

विंडोजमधलं मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खातं विंडोज व्हिस्टापासून घरगुती आणि ऑफिसच्या संगणकांवर बंद अवस्थेत येतं. संगणक बसवताना आपण जे खातं तयार करतो ते ॲडमिनिस्ट्रेटर्स या ग्रुपचं सदस्य असतं, पण ते मूळ खातं नव्हे. मूळ खात्याची खूण अशी की त्याच्या अंतर्गत ओळख क्रमांकाच्या शेवटी ५०० असतं. नाव बदललं तरी हा आकडा बदलत नाही. ते खातं कधी चालूच केलेलं नसेल तर त्याचा पासवर्ड आठवत बसण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक. पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव हे लॉगिनचं नाव असेलच असं नाही. कंट्रोल पॅनलमधून खात्याचं नाव बदललं तर फक्त दिसणारं नाव बदलतं, आतलं जुनंच राहतं. रिमोट डेस्कटॉपला आतलं नाव लागतं. चालू असलेल्या खात्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हू-ॲम-आय' (सलग एकच शब्द) दिलं की ते कळतं. सी ड्राइव्हच्या 'युजर्स'मधल्या फोल्डरच्या नावावर मात्र विसंबू नका: मायक्रोसॉफ्ट खात्याने बसवलेल्या संगणकावर ते बहुधा ईमेलची पहिली पाच अक्षरं असतं आणि नंतर बदलत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर रिमोट डेस्कटॉपमध्ये पूर्ण ईमेल पत्ता द्यावा.

कीबोर्ड

हे फार साधं वाटतं म्हणून सुटतं. कॅप्स लॉक सगळे बघतात. नम लॉक आणि भाषा बघत नाहीत. ज्या संगणकावर मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्टसारखा कीबोर्ड जोडलेला आहे, तिथे लॉगिन पडद्यावर मराठी निवडलेलं राहिलं असेल तर पासवर्डच्या चौकटीत देवनागरी अक्षरं जातात आणि आपल्याला दिसतात फक्त ठिपके. उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, तिथे इंग्रजी निवडा.

इंग्रजीतही दोन प्रकार आहेत आणि ते जास्त फसवे, कारण अक्षरं सगळी बरोबर पडतात. भारतात विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. भाषा निवडताना ब्रिटिश इंग्रजी निवडली गेली तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटचं चिन्ह येत नाही, अवतरणचिन्ह येतं. शिफ्ट आणि ३ दाबल्यावर हॅशऐवजी पाउंड येतो. पासवर्डमध्ये ॲट असणं ही तर जवळजवळ रीतच आहे. त्यामुळे 'माझा पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे' म्हणणारा माणूस खरंच बरोबर असतो आणि तरी बाहेर राहतो.

तपासायला सोपा मार्ग म्हणजे चौकटीच्या टोकाचं डोळ्याचं चिन्ह. पासवर्ड टाइप करून ते दाबून धरलं की अक्षरं दिसतात. ऑफिसच्या धोरणाने ते बंद केलेलं असेल तर खात्याच्या नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करून बघता येतो, पण एंटर न दाबता पुसून टाकायचा. एंटर दाबला गेला तर तो पासवर्ड खात्याचं नाव म्हणून लॉगमध्ये लिहिला जाऊ शकतो. तसं झालंच तर आत गेल्यावर पासवर्ड बदला.

पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचा

'युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' हा संदेश मुद्दाम संदिग्ध ठेवलेला आहे. नाव चुकलं की पासवर्ड, हे अनोळखी माणसाला कळू नये म्हणून. बाकीचे संदेश मात्र बरंच सांगतात.

'लॉक्ड आउट' असं आलं तर पासवर्ड बरोबर असूनही आत्ता प्रवेश नाही. थांबा किंवा कुणाकडून तरी लॉक काढून घ्या. 'डिसेबल्ड' म्हणजे खातं बंद केलेलं आहे, कितीही थांबलात तरी उघडणार नाही. 'साइन-इन मेथड इजन्ट अलाउड' म्हणजे ओळख पटली, पण या संगणकावर या मार्गाने बसायचा हक्क धोरणाने काढून घेतलाय. इथे पासवर्ड बदलणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. 'युअर डोमेन इजन्ट अव्हेलेबल' म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोपच पोचला नाही. केबल, वाय-फाय, व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बघा. डोमेनमधल्या संगणकाला डीएनएस म्हणून बाहेरचा सार्वजनिक पत्ता दिला असेल तर इंटरनेट झकास चालतं आणि डोमेन मात्र सापडत नाही, हे इथे हमखास आढळणारं कारण. डीएनएस डोमेनचाच असायला हवा.

'युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड' असं आलं, किंवा आत गेल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत आणि 'तात्पुरतं प्रोफाइल' असा इशारा आला, तर लॉगिन झालेलं आहे, मोडलंय ते त्या माणसाचं प्रोफाइल. आधी सी ड्राइव्ह भरलाय का बघा. मग दुसऱ्या ॲडमिन खात्यातून रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'प्रोफाइललिस्ट' ही नोंद उघडा. तिथे एकाच ओळख क्रमांकाच्या दोन किल्ल्या (कीज) दिसतील आणि एकीच्या शेवटी टिंब-बॅक (बीएके) लागलेलं असेल. आधी नोंदीची प्रत काढून ठेवा. साध्या किल्लीचं नाव बदलून तिच्यामागे टिंब-ओल्ड लावा, टिंब-बॅकवाली किल्ली मूळ नावावर आणा, तिच्यातली 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' ही मूल्यं असतील तर शून्य करा, संगणक पुन्हा सुरू करा. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काम करून फाइली तिथेच ठेवू नका. बाहेर पडताना ते पुसलं जातं.

पिनबाबत: 'समथिंग हॅपन्ड अँड युअर पिन इजन्ट अव्हेलेबल' हा संदेश बहुधा बायोस अपडेटनंतर किंवा टीपीएम पुसल्यावर येतो. खालच्या 'साइन-इन ऑप्शन्स'मधून पासवर्ड निवडून आत जा आणि पिन नव्याने बनवा. पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर इंटरनेट जोडून 'आय फरगॉट माय पिन' वापरा. पिन बरेचदा चुकला की विंडोज ठरावीक अक्षरं टाइप करायला लावतं. ही शिक्षा नसते, कीबोर्ड नीट चालतोय का याची ती खात्री असते.

लॉगमधला खरा निरोप

पडदा जे लपवतो ते इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे नोंदी दाखवणारा विंडोजमधलाच प्रोग्रॅम, सांगतो. त्यासाठी आत जायला दुसरं एखादं ॲडमिन खातं लागतं, कारण सिक्युरिटी लॉग साध्या खात्याला दिसत नाही. 'विंडोज लॉग्ज', मग 'सिक्युरिटी', उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग', आणि क्रमांक ४६२५. फसलेल्या प्रत्येक लॉगिनची नोंद या क्रमांकाने होते. एकही नोंद दिसत नसेल तर ऑडिट धोरणात 'लॉगऑन'साठी 'फेल्युअर' चालू नाही. ते चालू करा आणि मग एकदा, फक्त एकदाच, लॉगिन करून बघा.

नोंदीत 'स्टेटस' आणि 'सब-स्टेटस' असे दोन लांबलचक कोड असतात. कारण कधी एकात असतं, कधी दुसऱ्यात, म्हणून दोन्ही वाचा. फार शून्यं असतात; शेवटची दोन-तीन अक्षरं पुरे. ६४ म्हणजे या नावाचं खातंच नाही. ६ए म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. ६डी नुसतंच 'जमलं नाही' म्हणतो, त्याच्यावर थांबू नका, दुसरा कोड बघा. २३४ म्हणजे लॉक, ७२ म्हणजे बंद, १९३ म्हणजे खात्याची मुदत संपली, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, २२४ म्हणजे आधी पासवर्ड बदलणं भाग आहे. ६एफ आला तर नेमून दिलेल्या वेळेबाहेर लॉगिन करायचा प्रयत्न झाला, ७० आला तर या संगणकावरून परवानगी नाही. १३३ म्हणजे घड्याळ. आणि १५बी म्हणजे सगळं बरोबर, पण या प्रकारच्या लॉगिनचा हक्क नाही.

६४ आणि ६ए यांतला फरक पडद्यावर कधीच दिसत नाही आणि तोच सगळ्यात मोलाचा असतो. ६४ आला तर पासवर्ड सोडा, नाव आणि डोमेन तपासा.

त्याच नोंदीत 'लॉगऑन टाइप' असा आकडा असतो. २ म्हणजे समोर बसून केलेलं लॉगिन, ३ नेटवर्कवरून, ४ ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, ५ सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम), ७ म्हणजे लॉक केलेला पडदा उघडणं, १० रिमोट डेस्कटॉप, ११ म्हणजे सर्व्हर न भेटल्याने साठवलेल्या खुणेवर केलेलं. रिमोट डेस्कटॉपच्या फसलेल्या प्रयत्नात १०ऐवजी ३ दिसला तर बुचकळ्यात पडू नका. तिथे पडदा उघडण्याआधीच नेटवर्कवरून ओळख तपासली जाते, त्यामुळे नोंद ३ची होते.

डोमेन खातं असेल तर सर्व्हरवर आणखी नोंदी मिळतात. ४७७१ ही केर्बेरॉस या डोमेनच्या नेहमीच्या ओळख-तपासणी पद्धतीची: कोड १८ म्हणजे चुकीचा पासवर्ड, १२ म्हणजे खातं बंद, लॉक किंवा मुदत संपलेलं, २५ म्हणजे घड्याळातला फरक. ४७७६ ही जुन्या एनटीएलएम पद्धतीची. आणि ४७४० ही लॉक झाल्याची, जिच्यात लॉक कुठून झालं त्या संगणकाचं नाव असतं.

लॉक काढला, तासाभरात पुन्हा लागला

विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकावर मूळ नियम असा आहे: १० चुकीचे प्रयत्न झाले की १० मिनिटं लॉक, आणि मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खातंही यातून सुटत नाही. पूर्वी ते सुटायचं, त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नका. डोमेनमध्ये मात्र ही मर्यादा मुळात शून्य असते, म्हणजे लॉक होतच नाही. ऑफिसच्या ॲडमिनने ती ठरवली असेल तरच लागू होते. ती किती आहे हे 'नेट अकाउंट्स' ही कमांड दिली की दिसतं.

एकदाच लॉक झालं तर १० मिनिटं थांबणं हाच उपाय. घाई असेल तर दुसऱ्या ॲडमिनने खात्याच्या प्रॉपर्टीजमधली 'अकाउंट इज लॉक्ड आउट' ही खूण काढायची. डोमेनमध्ये खात्याच्या 'अकाउंट' टॅबवर 'अनलॉक अकाउंट' असतं.

पण लॉक काढल्यावर थोड्या वेळात परत लागत असेल तर समजायचं की कुठलं तरी यंत्र जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसलंय. पासवर्ड बदलल्यानंतर हे जवळजवळ ठरलेलं असतं. डोमेनमध्ये शोधायची जागा म्हणजे पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेला कंट्रोलर. लॉकच्या नोंदी तिथे जमा होतात. तो कुठला हे 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' या कमांडने कळतं. त्याच्यावर ४७४० उघडा, 'कॉलर कॉम्प्युटर नेम' वाचा, आणि त्या संगणकावर जाऊन चार जागा तपासा. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेले जुने पासवर्ड. जोडून ठेवलेले नेटवर्क ड्राइव्ह. टास्क शेड्यूलरमधली कामं. आणि 'सर्व्हिसेस'च्या यादीतला 'लॉग ऑन ॲज' हा स्तंभ, जिथे एखादी बॅकअपची किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअरची सर्व्हिस ॲडमिनच्या नावाने चालवलेली सापडते. अशी सर्व्हिस सुरू करताना १०६९ क्रमांकाची चूक आली तर तिचं कारण हेच. याशिवाय कुणी रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीने बंद करून गेलेला असतो. त्याचं सत्र मागे जुन्या पासवर्डवर चालूच असतं. 'साइन आउट' आणि फुली यांत हा फरक आहे. मोबाइलमधलं ऑफिसचं ईमेलही तपासा.

ॲडमिनच्या खात्याने सर्व्हिसेस चालवणं ही सवयच वाईट. त्यांना वेगळं खातं द्यावं, म्हणजे माणसाचा पासवर्ड बदलल्याने यंत्रं अडत नाहीत.

घड्याळ आणि तुटलेला विश्वास

डोमेनमध्ये केर्बेरॉस पद्धत वेळेचा शिक्का मारून चालते, म्हणजे कुणी जुना निरोप चोरून पुन्हा वापरू नये. त्यामुळे संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ती ओळख नाकारते. लॉगिन पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघायला दोन सेकंद लागतात. नुसती वेळ बघू नका. तारीख, वर्ष आणि टाइम झोनही बघा. रोज सकाळी संगणक जुन्या तारखेवर उठत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला आहे. काही रुपयांची वस्तू, पण तिच्यापायी विंडोज नव्याने टाकलेले संगणकही असतात. सर्व्हर आभासी यंत्रावर चालत असेल तर खालच्या मुख्य यंत्राचं घड्याळही तपासा.

दुसरा डोमेनमधला प्रकार 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' या संदेशाने येतो. माणसाप्रमाणे डोमेनमधल्या प्रत्येक संगणकाचंही खातं आणि पासवर्ड असतो, आणि संगणक तो साधारण दर ३० दिवसांनी आपण होऊन बदलतो. संगणकाची जुनी प्रतिमा किंवा स्नॅपशॉट परत आणला की त्याच्याकडे जुना पासवर्ड आणि सर्व्हरकडे नवा. दोघांचं जुळत नाही. त्याच नावाचा दुसरा संगणक डोमेनला जोडला तरी पहिल्याचं असंच होतं.

इथे नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा आणि मग डोमेन खात्याने लॉगिन करून बघा. सर्व्हर भेटला नाही तर विंडोज शेवटच्या १० लॉगिन करणाऱ्यांच्या साठवलेल्या खुणा वापरतं, त्यामुळे या संगणकावर पूर्वी बसलेला ॲडमिन आत जाऊ शकतो. नाहीतर लोकल ॲडमिन. आत गेल्यावर केबल परत लावा, पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा आणि 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल' ही कमांड 'रिपेअर' आणि 'क्रेडेन्शियल' या पर्यायांसह द्या. डोमेन ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड मागेल. उत्तर 'ट्रू' आलं की झालं. संगणक डोमेनमधून काढून परत जोडायचा जुना मार्गही चालतो, पण लोकल ॲडमिनचा पासवर्ड हाताशी असल्याची खात्री केल्याशिवाय संगणक डोमेनमधून काढू नका. काढल्यावर तोच एक रस्ता उरतो.

ऑफिसात लॅप्स (लोकल ॲडमिनचे पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर प्रत्येक संगणकाच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो ठरावीक दिवसांनी, मूळ नियमाने ३०, आपोआप बदलतो. एप्रिल २०२३च्या अपडेटपासून ही सोय विंडोजमध्येच आहे. मागच्या महिन्यात कागदावर टिपलेला पासवर्ड त्यामुळे आज चालत नाही. ताजा डिरेक्टरीत बघायचा.

आत गेलो, पण ॲडमिन नाही

लॉगिन होतं, पण काहीही बसवायला गेलं की नकार येतो. 'हू-ॲम-आय स्लॅश ग्रुप्स' ही कमांड द्या. यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप नसेल तर खातं साधं झालेलं आहे. ग्रुप असेल आणि पुढे 'डिनाय ओन्ली' लिहिलेलं असेल तर घाबरू नका, हे नेहमीचंच: ॲडमिनलाही विंडोज रोजच्या कामासाठी कमी अधिकार देतं आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केल्यावर पूर्ण देतं.

खरी अडचण तेव्हा, जेव्हा परवानगीची खिडकी उघडते आणि तिच्यात 'यस' दाबताच येत नाही. याचा अर्थ संगणकावर चालू अवस्थेतलं एकही ॲडमिन खातं उरलेलं नाही. कुणीतरी एकमेव ॲडमिनला 'स्टँडर्ड' केलेलं असतं. दुरुस्तीच्या पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट मागितला तर तोही 'ॲडमिन खातं नाही' म्हणून अडवू शकतो.

अशा वेळी शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा, 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', पुन्हा रीस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड. डोमेनला न जोडलेल्या संगणकावर शेवटचं ॲडमिन खातं चुकून बंद, कमी अधिकाराचं किंवा नाहीसं झालं असेल तर सेफ मोडमध्ये मूळ ॲडमिनिस्ट्रेटर वापरता येतो. कधी पासवर्ड ठेवलेला नसेल तर चौकट रिकामी सोडायची. आत जाऊन आपल्या खात्याला परत ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये टाका. मात्र या वाटेला जाण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की जवळ ठेवा, कारण मधेच ती मागितली जाऊ शकते. घरच्या संगणकाची की सहसा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून बघता येते. नवीन लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

नेटवर्कवरचा एक प्रकार यातच मोडतो. लोकल ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड देऊन दुसऱ्या संगणकाचा सी ड्राइव्ह उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'. पासवर्ड मान्य झालेला असतो. पण लोकल ॲडमिनला नेटवर्कवरून विंडोज कापलेलेच अधिकार देतं. रजिस्ट्रीत एक मूल्य बदलून हे उठवता येतं आणि बरेच जण तेच सुचवतात. ते करू नये. एका संगणकाचा पासवर्ड चोरीला गेला की त्याच पासवर्डचे बाकीचे सगळे उघडे पडतात, आणि ही अडवणूक त्यासाठीच ठेवलेली आहे.

पासवर्ड खरंच विसरला असेल तर

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर रीसेट ऑनलाइन. लोकल खात्यावर विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून सुरक्षा प्रश्न असतात: एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली 'रीसेट पासवर्ड' दिसतं. पूर्वी बनवलेली रीसेट डिस्क असेल तर तीही इथेच लागते. तिसरा मार्ग दुसऱ्या ॲडमिनने बदलून देणं, पण त्याची किंमत माहीत असू द्या. स्वतः जुना पासवर्ड देऊन नवा केला तर काही हरवत नाही. दुसऱ्याने बाहेरून बदलला तर त्या खात्यात ईएफएस या विंडोजमधल्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली आणि विंडोजने साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डपासून बनलेली असते.

लॉगिन पडद्यावरच्या एखाद्या बटणामागचा प्रोग्रॅम बदलून आत घुसायची युक्ती व्हिडिओंमधून फार फिरते. बिटलॉकर चालू असेल तर ती चालत नाही, आणि चालली तर तेच दार पुढच्या माणसासाठीही उघडं राहतं. दुरुस्तीच्या दुकानदारांनी तर ग्राहकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुणाच्याही खात्यात शिरू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमात विनापरवाना, अप्रामाणिक हेतूने संगणकात शिरण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

डोमेन कंट्रोलरसाठी डीएसआरएम नावाचा एक वेगळा पासवर्ड असतो, जो सर्व्हर पहिल्यांदा कंट्रोलर बनवताना मागितला गेला होता आणि नंतर कुणीही लक्षात ठेवलेला नाही. लागतो तेव्हा डोमेन बंद पडलेलं असतं. डोमेन चांगलं चालू असतानाच 'एनटीडीएसयुटिल' या कमांडने तो नव्याने ठेवून घ्या.

प्रयत्न तुमचे नसतील तर

४६२५च्या नोंदी मिनिटाला डझनांनी पडत असतील, लॉगऑन टाइप ३ किंवा १० असेल, 'सोर्स नेटवर्क ॲड्रेस'मध्ये बाहेरचे अनोळखी पत्ते असतील, आणि नावं 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'ॲडमिन', 'टेस्ट', 'बॅकअप' अशी बदलत असतील, तर हे विसरलेल्या पासवर्डचं प्रकरण नाही. राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं त्याचं दार, इंटरनेटला उघडा आहे आणि कुणाचा तरी प्रोग्रॅम रात्रंदिवस पासवर्ड लावून बघतोय. छोट्या ऑफिसात घरून काम करता यावं म्हणून हा पोर्ट उघडून दिलेला असतो. पोर्टचा आकडा बदलून फार तर थोडे दिवस शांतता मिळते.

इथे लॉकची मर्यादा वाढवणं किंवा काढून टाकणं हे नेमकं उलट पाऊल. आधी राउटरवरचं ते फॉरवर्डिंग बंद करा. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून या. मग ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिनची नोंद, त्याच अनोळखी पत्त्यांसाठी शोधा. एकही सापडली नाही तर पासवर्ड बदलून आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमधली नावं 'नेट लोकलग्रुप'ने तपासून काम पुढे न्या. एक जरी सापडली, तर त्या संगणकावर आता कुठलाही पासवर्ड टाइप करू नका. नेटवर्कची केबल काढा, यंत्र बंद न करता तसंच ठेवा, आणि सगळे ॲडमिन पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदला.